तुमचे प्रश्न : मेडिकल युरोपात, पण पेशंट कुठले?

नीटचा निकाल लागला की पंधरा दिवसांत आमच्याकडे पत्रांचा ढीग लागतो, यंदाही लागला. निम्म्या पत्रांत दोन-चार कॉलेजची नावं आणि खाली 'यातलं चांगलं कुठलं ते कळवा' एवढंच. मी स्वतः इटलीत पाव्हियाला शिकलेय त्यामुळे तिकडचं जरा जास्तच बोलेन, सांभाळून घ्या. पण चांगलं-वाईट सांगायच्या आधी माझाच एक उलटा प्रश्न असतो, की बाबा शिकून झाल्यावर पेशंट कुठे तपासायचेत? इथे, तिकडेच, का अजून काहीच ठरलं नाही? कारण तेच कॉलेज एकाला हो म्हणून सांगावं लागतं आणि दुसऱ्याला नको म्हणून. आता पत्रं घेऊ.

*प्रश्न : मुलीला नीटला दुसऱ्यांदा ४३० पडले. गव्हर्न्मेंट मिळत नाही, प्रायव्हेट आम्हाला झेपत नाही. इथल्या एका हॉटेलात सेमिनार होता. जॉर्जिया म्हणजे युरोपच, कॉलेज एनएमसी अप्रूव्हड, ३० लाखांत सहा वर्षांचं सगळं आलं, पण सीटा आठ दिवसांत संपतील म्हणून ५० हजार टोकन भरा म्हणाले. भरू का? — एक आई, लातूर*

ताई, आठ दिवसांत तरी नका भरू. सीटा संपत नाहीत हो, हे दरवर्षी असंच म्हणतात आणि दरवर्षी ऑक्टोबरपर्यंत ॲडमिशन चालूच असतात.

आता एकेक घेऊ. 'एनएमसी अप्रूव्हड' असं परदेशी कॉलेज नसतंच. नॅशनल मेडिकल कमिशन बाहेरच्या कॉलेजांची मान्यताप्राप्त यादी काढत नाही, ते फक्त नियम सांगतात आणि तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते बघायचं काम तुमच्यावर सोडतात. ब्रोशरवर एनएमसीचा लोगो छापलाय म्हणजे एजंटकडे प्रिंटर आहे, बाकी काही नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांच्या वर्ल्ड डिरेक्टरीत नाव आहे असंही सांगतील, पण त्या डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे भारतात चालणं नव्हे.

नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत, त्यानंतर ॲडमिशन घेतलेल्या सगळ्यांना लागू. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, वर त्याच कॉलेजात १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिकवणं इंग्रजीत हवं, आणि तिकडच्या मुलांना जसं डॉक्टर म्हणून लायसन्स मिळतं तसंच तुमच्या मुलीलाही मिळण्याची पात्रता हवी. कोर्सला जॉइन झाल्यापासून दहा वर्षांत सगळं आटपायला हवं. एवढं झालं की इथे येऊन स्क्रीनिंग टेस्ट म्हणजे एफएमजीई द्यायची (तिच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा येणार येणार म्हणतायत, येईल तेव्हा येईल), आणि पास झाल्यावर इथे परत १२ महिने इंटर्नशिप. म्हणजे सहा वर्षांचं पॅकेज म्हणतात ते सहा वर्षांत संपत नाही, आठ धरून चला, आणि त्या शेवटच्या दोन वर्षांचा खर्च ३० लाखांत नाही हे ते बोलले नसतील.

एफएमजीई ३०० मार्कांची, पास व्हायला १५० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? तरी अलीकडच्या निकालांत साधारण चार-पाचातला एक पास होतो. मुलं ढ असतात म्हणून नाही, सहा वर्षं शिकताना आपल्याकडच्या पॅटर्नचा अभ्यास झालेला नसतो आणि काही कॉलेजांत वॉर्डात नुसतं मागे उभं राहून वर्षं निघून जातात. परीक्षा घेणाऱ्या बोर्डाने कॉलेजवार निकाल प्रसिद्ध केलेत, त्यात तुमच्या त्या कॉलेजातून किती बसले आणि किती पास झाले हे बघा. पाचशे बसून साठ पास झाले असतील तर हॉटेलातल्या सेमिनारपेक्षा ती एक ओळ जास्त बोलते.

जॉर्जियाचं म्हणाल तर तो कॉकेशसमधला देश, युरोपियन युनियनमध्ये नाही, डिसेंबर २०२३ ला नुसता उमेदवार म्हणून दर्जा मिळालाय. बोलोन्या पद्धतीत (युरोपातल्या डिग्र्यांचा साचा सारखा ठेवायचा करार) २००५ पासून आहे म्हणून डिग्रीचा साचा युरोपसारखा, तेवढ्यावर 'युरोपच' म्हणून विकतात. तिबिलिसीत जुनी, नीट शिकवणारी सरकारी मेडिकल युनिव्हर्सिटी आहे आणि काल-परवा उघडलेली खासगी कॉलेजंही आहेत ज्यांच्या वर्गात जवळपास सगळी आपलीच पोरं असतात. तुम्हाला यातलं कुठलं दाखवलंय हे पत्रात नाही म्हणून मी हो किंवा नाही म्हणत नाही.

असं करा, एजंटला बाजूला ठेवून मुलीला युनिव्हर्सिटीला सरळ ईमेल करायला सांगा. शिक्षणाचे महिने किती, इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि तुमच्याच हॉस्पिटलात आहे का, आणि डिग्रीवर तुमच्या देशात लायसन्स मिळतं का, तिन्हीची उत्तरं त्यांच्या लेटरहेडवर द्या म्हणावं. उत्तर आलंच नाही किंवा 'आमच्या इंडियन पार्टनरशी बोला' असं आलं तर ५० हजार वाचले समजा. आणि नीटचा स्कोअर परदेशासाठी तीन वर्षं चालतो, यंदाच गेलं पाहिजे असं काही नाही, हे पण कुणी सांगितलं नसेल.

*प्रश्न : राधानगरीकडचा आहे, बारावी झाली, नीट क्वालिफाय आहे पण इथे काय लागत नाही. इटलीत आयमॅट देऊन फुकट मेडिकल होतं असं यूट्यूबवर बघितलं. वडिलांची दोन एकर शेती आहे. खरंच होतं का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर जिल्हा*

फुकट नाही रे, पण आपल्या मानाने फुकटच म्हणावं असं होऊ शकतं, आणि ते इंग्लिशमधूनच. मात्र दोन दारं ओलांडावी लागतात आणि यूट्यूबवाले पहिल्याच दाराबद्दल बोलत बसतात.

पहिलं दार परीक्षेचं. आयमॅट वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या मध्यावर. ६० प्रश्न, १०० मिनिटं, बरोबरला दीड मार्क, चुकीला ०.४ वजा, सोडलं तर शून्य. त्यात बायोलॉजीचे २३, केमिस्ट्रीचे १५, फिजिक्स-मॅथ्सचे मिळून १३, आणि उरलेले ९ लॉजिक, वाचन आणि जनरल नॉलेजचे. नीट केलेल्याला बायो-केमिस्ट्री जड जात नाही, पण इथे मॅथ्स आहे (बारावीला सोडलं असशील तर आत्ताच पुस्तक काढ) आणि ते लॉजिकचे प्रश्न आपल्याकडे कुणी शिकवत नाही, त्यातच पोरं मार्क घालवतात. जागा म्हणशील तर युरोपबाहेरच्या मुलांसाठी प्रत्येक युनिव्हर्सिटीत वेगळ्या आणि मोजक्याच असतात, आणि युनिव्हर्सिटाली नावाच्या सरकारी पोर्टलवर तुला एकाच युनिव्हर्सिटीसाठी प्री-एनरोलमेंट करता येतं. मग सगळे धावतात मिलान, बोलोन्या, रोमकडे. मेस्सिना, बारी, कातानिया ही नावं पण बघ, डिग्री तीच मिळते आणि खोलीभाडं मिलानच्या मानाने खूप कमी.

दुसरं दार कागदांचं, आणि माझ्या मते हेच जास्त अवघड. सरकारी युनिव्हर्सिटीची फी घरच्या उत्पन्नावर ठरते, त्या हिशोबाला तिथे इझे म्हणतात. उत्पन्न कमी निघालं तर आमच्या पाव्हियात पहिला हप्ता १५६ युरोचा आणि पुढचं जवळजवळ माफ, जास्त निघालं किंवा कागदच दिले नाहीत तर वर्षाला तीन-चार हजार युरोपर्यंत जातं. शिवाय प्रत्येक प्रांताची स्कॉलरशिप असते, त्यात फी माफ, मेसचं जेवण आणि वर वर्षाला काही हजार युरो हातात. पण त्यासाठी घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, बँक बॅलन्स आणि घराचं क्षेत्रफळ, तेही दोन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडर वर्षाचं, सरकारी कागदावर, अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून, इटालियनमध्ये भाषांतर करून लागतं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, तहसीलदाराच्या दाखल्यावर तर नुसता वार्षिक आकडा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढावा लागतो, त्यात क्षेत्रफळ चौरस फुटात, तिकडे पाहिजे चौरस मीटरमध्ये, कारण परदेशातलं घर ते चौरस मीटरला ५०० युरो असं धरून मोजतात. आणि त्या उताऱ्यावर आजोबा, वडील, दोन चुलते अशी चार नावं असली की तुझ्या वडिलांचा हिस्सा किती हे सिद्ध करत बसा. जूनपासून या कामाला लागलास तर होतं. व्हिसा आल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं होत नाही.

स्कॉलरशिप मिळाली म्हणजे सहा वर्षं मिळाली असंही नाही, ठरलेली क्रेडिट्स १० ऑगस्टच्या आत जमवावी लागतात. आणि तिथल्या परीक्षा बऱ्याचशा तोंडी. ॲनाटॉमीला प्रोफेसरच्या समोर बसायचं, तो एखादं हाड हातात देतो आणि बोल म्हणतो, मागे वर्गातली वीस-पंचवीस पोरं आपापला नंबर यायची वाट बघत सगळं ऐकत असतात. मार्क ३० पैकी, पास १८ ला. गंमत म्हणजे तिथल्या तिथे प्रोफेसर विचारतो, २३ देतो, चालतील का? नको म्हणालास तर मार्क लिहीतच नाही आणि पुढच्या वेळी परत बसायचं. आपली पोरं पहिल्या वर्षी घाबरून काहीही घेतात आणि तिसऱ्या वर्षी २७ पण नाकारतात. पुस्तक पाठ करून लिहून येणाऱ्याला ही पद्धत सुरुवातीला फार छळते, इंग्लिश बोलायची सवय आत्तापासून लाव.

आता खरी मेख ऐक. तिथे सहा वर्षांचा कोर्स, डिग्री हातात आली की २०२० पासून वेगळी लायसन्स परीक्षा नाही, डिग्रीतच ते आलं. त्यासाठी कोर्सच्या आत तीन महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग धरलंय, एक महिना मेडिसिन, एक सर्जरी, एक फॅमिली डॉक्टरकडे. आपल्याला जी सलग १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते ती या साच्यात नाही. म्हणजे तुला तिकडेच राहायचं असेल तर युरोपात यापेक्षा स्वस्त आणि चांगला रस्ता मला तरी माहीत नाही, पण कोल्हापुरात दवाखाना टाकायचा असेल तर हा कागद कसा जमवणार ते युनिव्हर्सिटी आणि एनएमसी दोघांकडून आधी लेखी घे. व्हिडिओत हे नसतं कारण व्हिडिओ करणारी पोरं अजून दुसऱ्या वर्षाला असतात.

*प्रश्न : जर्मनीत शिक्षण मोफत आहे, मग सगळे बल्गेरिया-रोमानियात पैसे का घालतात? मुलगा बारावीत आहे, त्याला जर्मनीत एमबीबीएसला पाठवायचं म्हणतोय. — एक वडील, नाशिक*

कारण जर्मनीतलं मेडिकल जर्मनमध्ये आहे, साहेब. सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही हे खरं (हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतात तिथे युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे), पण भाषा सी-वन म्हणजे बरीच वरच्या लेव्हलची लागते, आणि आपल्या बारावीवर सरळ मेडिकलला घेत नाहीत, आधी स्टुडिएनकोलेग म्हणजे तयारीच्या कॉलेजचा वर्षभराचा एम-कोर्स आणि त्याची परीक्षा. त्यातही मेडिकलच्या जागांसाठी तिथल्याच पोरांची मारामार असते, युरोपबाहेरच्यांना राखलेल्या जागा अगदी थोड्या. राहण्याखाण्याचे वर्षाला ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटला ठेवावे लागतात. आणि एवढं करून डिग्री जर्मन माध्यमाची, म्हणजे एनएमसीच्या इंग्रजीच्या अटीतच अडकली, इथे परत यायचं दार जवळपास बंद.

पत्रावरून वाटतं की मुलाने जर्मनीत डॉक्टर व्हावं ही इच्छा आहे, बरोबर ना? मग माझं मत असं की इथे कुठूनही एमबीबीएस करू द्या, अगदी दोन वर्षं रिपीट करावं लागलं तरी चालेल, आणि पहिल्या वर्षापासून पुण्या-नाशकात संध्याकाळी जर्मनचा क्लास लावा. इंटर्नशिप संपेपर्यंत बी-टू (सी-वनच्या खालची लेव्हल) होतं. मग तिकडे जाऊन डॉक्टरी भाषेची परीक्षा म्हणजे फाखश्प्राखेनप्रुफुंग, त्यात खोटा पेशंट समोर बसवतात, त्याची हिस्टरी घ्यायची, रिपोर्ट लिहायचा आणि मग सिनियरला केस सांगायची. त्यानंतर ज्ञानाची परीक्षा, केंटनिसप्रुफुंग, ती झाली की आप्रोबाट्सिओन म्हणजे कायमचं लायसन्स. असिस्टंट डॉक्टरला महिन्याला पाच हजार युरोच्या वर ग्रॉस मिळतात आणि एमडीसाठी वेगळी एन्ट्रन्स नाही, हॉस्पिटलला अर्ज करायचा आणि नोकरी लागली की तेच ट्रेनिंग. नीट-पीजीच्या मागे तीन-तीन वर्षं घालवणारी पोरं बघितली की हे मला फार आवडतं. दोन्ही देशांची दारं उघडी राहतात हा फायदा वेगळाच.

*प्रश्न : माझे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, बाबांनी पोर्तुगीज पासपोर्ट केलाय, माझा पण होईल म्हणतात. त्याचा मेडिकलला उपयोग आहे का? — फोंड्याची एक विद्यार्थिनी*

युरोपसाठी आहे, आणि भरपूर. पोर्तुगीज नागरिक म्हणजे युरोपियन युनियनची नागरिक, म्हणजे आयमॅटला तू युरोपबाहेरच्यांच्या मोजक्या जागांत नाहीस, इटालियन पोरांबरोबर देशभराच्या एकाच मेरिट लिस्टमध्ये येतेस, तिथे जागा जास्त आणि यादी नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत खाली सरकत राहते. व्हिसा नाही, रेसिडन्स परमिटची कटकट नाही, पुढे युनियनमधल्या कुठल्याही देशात नोकरीला वर्क परमिट नाही. तुझ्या वर्गातली बाकीची भारतीय पोरं परमिटसाठी पोस्टातून किट आणून पोलिसांच्या ऑफिसात सकाळी सहाला रांगेत उभी असतील तेव्हा तू झोपलेली असशील. फक्त पोर्तुगालमध्येच शिकायचं असेल तर ते बहुतेक पोर्तुगीजमधून, ते आजोबांना येत असेल, तुला येतं का बघ.

इकडची बाजू मात्र घाई न करता बघ. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) करावं लागतं, आणि मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्यांना इथे मेडिकलला एनआरआय कोट्यातूनच जागा मिळते. म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात बांबोळीला लागेल अशी थोडी जरी आशा असेल तर आधी नीटचं काय होतं ते बघ, पासपोर्ट कुठे पळून जात नाही.

*प्रश्न : बल्गेरियात तिसऱ्या वर्षाला आहे. शिकवतात इंग्लिशमध्ये पण वॉर्डात गेलं की पेशंट बल्गेरियन, काही कळत नाही, आम्ही नुसते भिंतीला टेकून उभे. इटली किंवा पोलंडला ट्रान्सफर होईल का? मला इंडियात परत यायचंय. — एक विद्यार्थी*

इंडियात यायचंय ना, मग ट्रान्सफर डोक्यातून काढ. नियम असा की सगळा कोर्स आणि इंटर्नशिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच परदेशी कॉलेजात झाली पाहिजे. युक्रेनच्या युद्धात अडकलेल्या पोरांसाठी एकदाच वेगळी सवलत दिली होती, ते उदाहरण तुला लागू नाही. आणि पोलंडला गेलास तरी तिथला पेशंट काय तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलणारे? तो पोलिशमध्येच बोलणार, तुला परत अ-आ-इ पासून सुरुवात.

पहिली दोन वर्षं कॉलेजात बल्गेरियन शिकवतात, तो विषय सगळे नुसता पास होण्यापुरता करतात, तूही तेच केलं असशील. आता तीन महिने रोज अर्धा तास द्यायचा, पण पुस्तकातलं व्याकरण नाही, हिस्टरी घेताना लागणारे पन्नास-साठ प्रश्न. 'कदे वी बोली?', कुठे दुखतंय. कधीपासून, आधी असं झालेलं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, ॲलर्जी. उत्तरातलं निम्मं कळेल, उरलेलं नर्सला विचार, त्या बायका फार माया करतात फक्त आपण आधी तोंड उघडलं पाहिजे. आणि एक सांभाळ, तिथली म्हातारी माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी. पोट दाबून दुखतंय का विचारलंस, आजोबांनी मान आडवी हलवली, आणि तू केस पेपरवर 'टेंडरनेस नाही' लिहून मोकळा झालास तर अपेंडिक्स फुटेल. मान बघू नको, शब्द ऐक, 'दा' म्हणजे हो आणि 'ने' म्हणजे नाही.

शिवाय तुझं सहावं वर्ष प्रॅक्टिकलचं असतं, त्याचे विषयवार किती दिवस होतात ते डीन ऑफिसमधून आत्ताच लेखी काढून ठेव. १२ महिने भरत नसतील तर ते वाढवून मिळतात का हे तिथे असतानाच विचारता येतं, मुंबईत उतरल्यावर नाही.

*प्रश्न : नातीला युरोपात डॉक्टरकीला लावतोय. घरी सगळे माळकरी, ती अंडंही खात नाही. तिकडे उपाशी राहील का? — एक आजी, पंढरपूर*

नाही हो आजी. तूरडाळ, पोहे, रवा सगळं मिळतं, बांगलादेशी किंवा पंजाबी दुकान प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या गावात असतंच. छोटा कुकर आणि मसाले बरोबर द्या, कुकरची एक जादाची रिंग पण द्या, ती मात्र तिकडे मिळत नाही. चीज घेताना पाकीट वाचायला सांगा, काही प्रकारांत वासराच्या पोटातलं रेनेट म्हणजे दूध फाडायचं विरजण असतं. थंडीची काळजी नको, खोल्या गरम असतात आणि जाड जॅकेट तिथेच स्वस्त पडतं.

*प्रश्न : लोन काढावं का जमीन विकावी? आणि परदेशात पैसे पाठवताना टॅक्स कापतात तो किती? — एक शेतकरी पालक, सांगली*

दादा, जमीन लगेच नका विकू. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुतेक तारण मागतात आणि शेतजमीन सहसा घेत नाहीत, एनए प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर चालतो, तुमच्याकडे नसला तर भावाचा-मेव्हण्याचाही चालतो पण मग ते को-बॉरोअर किंवा जामीनदार होतात, त्यांना नीट समजावून सांगा. टॅक्सचं म्हणाल तर तो टीसीएस, वर्षाला १० लाखांपर्यंत नाही, आणि एप्रिल २०२५ पासून बँकेच्या लोनमधून पाठवलेल्या पैशावर तर अजिबातच नाही. स्वतःच्या पैशातून १० लाखांच्या वर गेलात तर कापतात, पण तो रिटर्न भरला की परत मागता येतो, बुडत नाही. शेतकऱ्यांना रिटर्न भरायची सवय नसते म्हणून मुद्दाम सांगतेय.

युरोचा हिशेब त्या दिवसाच्या भावाने करा आणि वर दहा टक्के ठेवा. बल्गेरियात फीच आठ-नऊ हजार युरो आहे, रुपया जरा घसरला तरी वर्षाला साठ-सत्तर हजार इकडचे तिकडे होतात.

*प्रश्न : पोलंडहून एमडी (तिकडची एमबीबीएसच) करून आले, एफएमजीई पहिल्या झटक्यात काढली. आता महाराष्ट्रात इंटर्नशिपला जागा नाही म्हणतात, आणि एक खासगी कॉलेज जागा देतो पण वर्षाचे दोन लाख भरा म्हणतंय. स्टायपेंड तर नाहीच. भरून टाकू का? वर्ष वाया जातंय. — एक डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर*

आधी अभिनंदन, पहिल्या झटक्यात काढणारे फार कमी. आणि नाही, दोन लाख भरू नका. एनएमसीचं मार्च २०२२ चं पत्रक आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की परदेशातून आलेल्या डॉक्टरांकडून इंटर्नशिपसाठी कुठलीही फी घ्यायची नाही आणि स्टायपेंड इथल्या इंटर्नएवढाच द्यायचा. कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत तुमच्यासारख्यांना घ्यायची मुभा त्यातच आहे, शंभर जागांच्या कॉलेजात साधारण सात. म्हणून गर्दी होते आणि या गर्दीवर कुणीतरी दुकान मांडतं.

त्या कॉलेजला फोनवर काही बोलू नका, ईमेल करा, की इंटर्नशिपसाठी अर्ज करतेय, फी असल्यास किती आणि कुठल्या नियमाखाली ते कळवावं. बहुतेक कॉलेजं या ईमेलला उत्तरच देत नाहीत किंवा एकदम सूर बदलतात. उत्तर आलं तर ते आणि पत्रकाची प्रत जोडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला लेखी तक्रार करा, पोच घ्या. तोपर्यंत प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनचा अर्ज अडवून ठेवू नका, कागद पडताळणीलाच महिने जातात, पोलंडची ट्रान्सक्रिप्ट आणि तिथल्या इंटर्नशिपचा दाखला अपोस्टिल केलेला नसेल तर आजच तिकडच्या मैत्रिणीला कामाला लावा. जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत पण विचारा, नंदुरबार, गोंदिया, सिंधुदुर्ग, जिथे कुणी जायला बघत नाही तिथे जागा निघतात आणि टाके घालायला, डिलिव्हरी करायला हात पण जास्त मिळतो.